शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा

ऑनलाइन फॉर्म बनवताना माझा सगळ्यात जास्त विचार एका छोट्या चौकटीवर खर्च होतो. ‘आपले मेसेज मला पाठवत जावेत’ या ओळीपुढची ती चौकट. तिच्यात आधीच खूण करून ठेवली, तर बहुतेक लोक ती तशीच राहू देतात. खामगावातल्या कृषी केंद्रांची, अडत दुकानांची कामं मी करतो. खूण आधीच केलेली असावी असं दुकानदारांना वाटतं, कारण नंबर जास्त जमतात. मी चौकट रिकामी ठेवतो आणि कारण सांगतो : कास्तकाराने न वाचता दिलेली संमती म्हणजे त्याच्या नावाने आपणच ठोकलेली सही.

आमच्या कामात निवडीचा कस ‘नको’ म्हणताना लागतो. ‘नको’चं बटण ‘हो’इतकंच ठळक आहे का? लोकेशन द्यायचं नाकारलं, तर तालुका हाताने निवडून पुढे जाता येतं का? चष्मा घरी विसरलेल्या माणसाला दोन बोटांनी अक्षर मोठं करता येतं का? मांडणी बिघडू नये म्हणून एका ओळीच्या कोडने ती सोय बंद करता येते. ती ओळ मी लिहीत नाही. पान उघडताच व्हिडिओही सुरू करत नाही. घाटावरच्या वाडीत रेंज जेमतेम असते आणि डेटाचे पैसे पाहणाऱ्याने भरलेले असतात.

ही रीत माझ्या आधीची आहे. वेबपानाला रूप देणाऱ्या सीएसएस या भाषेत पान बनवणारा आणि पान वाचणारा, दोघांनाही आपला नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवता येतो. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत अशा वेळी बनवणाऱ्याचं चालायचं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटवला गेला. तेव्हापासून वाचणाऱ्याने मोठं अक्षर, गडद रंग ठासून मागितला की माझ्या डिझाइनने मागे सरायचं. भाषा घडवणाऱ्यांनी घडवणाऱ्यांचाच अधिकार कमी केला, याचा मला अभिमान वाटतो.

पण पान नेकीने बनवलं तरी ते लोकांपर्यंत नेणारी कंपनीच निवड करू लागली तर? फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्रासह काही राज्यांत एक मोफत सेवा आणली; पुढे तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. २८ डिसेंबर २०१५ ला मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त तिची बाजू मांडली, ती महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला देऊन. हवामान आणि बाजारभाव पाहून त्याचा फायदा झाला होता.

हातात काहीच नसलेल्याला थोडं मिळालं तर बिघडलं कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण आमचा कास्तकार एकाच ठिकाणी विचारून पेरत नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून सांगितलेलं पाऊस-पिकाचं भाकीत तो ऐकतो. हवामान खात्याचा अंदाज पाहतो, कृषी केंद्रात चौकशी करतो, शेजाऱ्याशी बोलतो, आणि मग सोयाबीन की पऱ्हाटी हे स्वतः ठरवतो. कशावर किती भिस्त ठेवायची, हा त्याचा अधिकार. फुकटच्या यादीत कोणता अंदाज आणि कोणाचा भाव दिसेल हे कंपनीच्या अटींवर ठरलं, की तो अधिकार विचारण्याआधीच आखडतो. खामगावात बनलेल्या भावाच्या साइटलाही त्या यादीत शिरायला फेसबुककडेच अर्ज करावा लागला असता.

या वादात लाखो लोकांनी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला ईमेल लिहिले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. आणीबाणीच्या सेवांना सूट, मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. त्याच आठवड्यात फ्री बेसिक्स भारतातून गेलं. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मंजूर केली आणि एखादी साइट अडवण्याला, मुद्दाम हळू करण्यालाही नकार मिळाला.

पानांच्या बाबतीतही कायदा पुढे आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवून ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी केंद्राने जाहीर केली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय मिळायला हवा आणि संमती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं.

तरीही तालुक्याच्या गावात बनणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर नजर ठेवायला कोणी येणार नाही. तिथे जबाबदारी बनवणाऱ्याचीच. म्हणून हे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं असतं : फॉर्म दुकानदाराला दाखवण्याआधी, जिथे जिथे परवानगी मागितली आहे तिथे ‘नको’ दाबत शेवटपर्यंत जा. मध्येच अडलात, तर काम अजून पुरं झालेलं नाही.