मत्स्योदरीच्या गावाहून थेट समुद्राच्या पोटात!

अंबड म्हटलं की मत्स्योदरी देवी. देवीची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून हे नाव. गंमत म्हणजे या माशापासून समुद्र कितीतरी शे किलोमीटर लांब! आम्हा अंबडकरांचं पोहणं म्हणजे पाठीला भोपळा बांधून विहिरीत उडी. तीही विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. 2012-13 च्या दुष्काळात शाळेत असलेली आमच्याकडची पोरं-पोरी आता पुण्या-मुंबईत नोकरीला लागलीत. त्यातल्या अनेकांना पोहता येत नाही. ऑफिसात मालवणचा प्लॅन शिजला की उत्तर ठरलेलं, 'तुम्ही जा, मी बॅगा सांभाळतो.'

बॉस, बॅगा रूमवर राहू द्या. मालवण-तारकर्लीचा 'ट्राय डाइव्ह' पोहता न येणाऱ्यांनाही करता येतो. होडी काठापासून थोडं आत नेते, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच काही मीटर खाली उतरवतो. फंडा दोनच. तोंडाने सावकाश श्वास घेत राहा, कधीही रोखू नका. आणि कानाला दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंका. एवढं जमलं की समोर पट्ट्यापट्ट्यांचे मासे, खडकाला बिलगलेले प्रवाळ. एकदम सही!

पण खरी मेजवानी पुढेच आहे. विजयदुर्गपासून साधारण 105 किलोमीटर आत, भर समुद्रात, अँग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथे रोजच्या टुरिस्ट बोटी जात नाहीत, रात्रभराचा प्रवास असतो आणि नवशिक्याला प्रवेश नाही. पहिलं ओपन वॉटर सर्टिफिकेट 18 मीटरपर्यंतचंच, म्हणजे त्यापुढचा कोर्सही हवा. शिवाय त्या पहिल्या कोर्सलाच पोहण्याची परीक्षा: 200 मीटर पोहायचं, 10 मिनिटं तरंगायचं. इथे भोपळा चालत नाही!

आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्यात अर्थ नाही. पाणी तापलं की प्रवाळाला रंग आणि अन्न देणारं सूक्ष्म शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरंफटक पडतं. जगभरात अशी चौथी मोठी लाट आल्याचं शास्त्रज्ञांनी एप्रिल 2024 मध्ये जाहीर केलं. मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. तरी फोटोसाठी टेकवलेला एक पाय किंवा चुकीच्या जागी टाकलेला एक नांगर प्रवाळाची कित्येक वर्षांची वाढ मोडतो. आटलेली विहीर बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जाण्यापूर्वी

• सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद.
• सर्दी असेल तर डाइव्ह नको. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.
• डाइव्ह केलेल्या दिवशी परतीचं विमान नको.
• खाली काहीही धरू नका, उचलू नका.
• अँग्रियाचं स्वप्न असेल तर सोमवारपासून जवळच्या तलावावर सकाळची बॅच लावा.