मुलीचा प्रबंध आणि माझी सही

लातूरमध्ये बारावीचा निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, ‘वैद्यकीय की अभियांत्रिकी?’ ‘लातूर पॅटर्न’ने नाव मिळविलेल्या या गावात तिसरे उत्तर कोणाला अपेक्षितच नसते. २०२१ साली, परीक्षा न होताच निकाल लागले त्या वर्षी, आमच्या ज्येष्ठ कन्येने ते तिसरे उत्तर दिले. ‘मला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात बी. ए. करायचे आहे.’ माझ्या मातोश्रींना त्यातला ‘संबंध’ एवढाच शब्द ऐकू आला. परदेशातले स्थळ सांगून आले असावे, अशा समजुतीने त्यांनी ‘मुलगा कुठला?’ असे विचारले. सारे हसले. मी मात्र हसलो नाही.

आमची आडत तीन पिढ्यांची. तूर, हरभरा, सोयाबीन हा व्यवहार. मुलगी हिशेबात चोख, म्हणून तिने सनदी लेखापाल व्हावे आणि जमल्यास दुकानाकडेही पाहावे, असे माझ्या मनात होते. पुण्यातील त्या विद्यापीठाची तीन वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च यांची बेरीज मी कागदावर मांडली आणि ‘एवढ्यात औसा रस्त्याला एक बरा प्लॉट आला असता,’ असे तिच्यासमोर बोलून गेलो. ते बोलणे मला शोभले नाही. ती काही बोलली नाही. तिची आई बोलली. शेवटी मी होकार दिला तो पटला म्हणून नव्हे, तर घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नव्हते म्हणून. वसतिगृहात सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय होईल का, हे विचारायला मात्र मी स्वतः पुण्याला गेलो. सोय झाली.

आपल्यातील काही पालक हल्ली मला या विषयाबद्दल विचारतात, म्हणून मला उशिरा समजलेले थोडे येथे सांगतो. हा विषय स्वतंत्रपणे शिकविण्यासाठी जगातील पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे सुरू झाले. पहिल्या महायुद्धात तेथील अनेक विद्यार्थी कामी आले होते. असे युद्ध पुन्हा होऊ नये तर राष्ट्रे एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास झाला पाहिजे, या भावनेने डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनींनी वीस हजार पौंडांची देणगी दिली. हे घराणे कोणाचे? दगडी कोळशाच्या खाणी आणि तो कोळसा जहाजांवर चढविणारे बॅरीचे बंदर उभारणाऱ्या उद्योगपतीचे. त्या उद्योगपतीचीच ही नातवंडे. मुलीने हे सांगितले तेव्हा माझी मान थोडी ताठ झाली, हे कबूल करतो. हा विषय आपल्यासारख्यांच्या कामाचा नाही असे जे मी म्हणत होतो, तो व्यापाऱ्याच्याच पैशावर उभा राहिला होता.

आपल्या देशात तो बराच काळ पदव्युत्तर स्तरावरच प्रामुख्याने शिकविला गेला. दिल्लीत १९५५ साली यासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. पदवीच्या पातळीवर तो राज्यशास्त्राच्या पोटातील एखाद-दुसरा पेपर म्हणून असे. अलीकडे कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ आणि काही खासगी विद्यापीठे यांत तो मुख्य विषय म्हणून घेता येतो. प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी : अभ्यासक्रमात अर्थशास्त्र आणि एखादी परकीय भाषा सक्तीची आहे की नाही. ती नसेल तर तीन वर्षे वर्तमानपत्र वाचल्यासारखेच होते. आणखी एक गैरसमज. परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी ही पदवी लागते असे अनेकांना वाटते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. या पदवीने ते दार आपोआप उघडत नाही.

पहिल्या वर्षी ती १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाबद्दल बोलत असे आणि मी ‘हो’ला ‘हो’ करीत असे. दुसऱ्या वर्षी जागतिक व्यापार संघटना आली आणि माझे कान टवकारले. प्रत्येक देशाने आयात शुल्काची कमाल मर्यादा तेथे लिहून दिलेली असते आणि प्रत्यक्ष दर त्या मर्यादेच्या आत कितीही वरखाली करता येतो. म्हणून एका रात्रीत अधिसूचना निघते आणि सकाळी बाजार वेगळाच उघडतो. उलट, किती माल येऊ द्यायचा याचाच आकडा बांधणे हे तेथील नियमांत सहसा बसत नाही. तीस वर्षे मी त्या अधिसूचनांचे फटके खाल्ले होते. त्यांच्यामागे असे काही शास्त्र असेल, हे मला कोणी सांगितले नव्हते.

जून २०२३ मध्ये तूर आणि उडदाच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्यांना २०० टनांची मर्यादा आली. सप्टेंबरमध्ये ती ५० टनांवर आणली गेली. वर्ष सरत आले तसा आणखी एक शब्द आमच्या बाजारात रोज ऐकू येऊ लागला : नकाला. मोझांबिकचे हे बंदर. तेथील निर्यातदारांमधला वाद न्यायालयात गेला होता आणि भारताकडे निघालेली तूर धक्क्यावर अडकून पडली होती. लेमन, गजरी, मटवारा ही आयात तुरीची नावे हमालांनाही पाठ आहेत. पण ती ज्या वाटेने येते ती वाट प्रथमच सर्वांच्या तोंडी आली. मी मुलीला फोन केला. माल कधी सुटेल?

‘ते मला कसे माहीत असणार, बाबा?’

‘मग एवढी फी कशाची भरली?’

ती हसली. अभ्यासाने भविष्य कळत नाही, असे म्हणाली. कोण कोणाविरुद्ध उभा आहे आणि प्रत्येकाला काय हवे आहे, एवढे मात्र नीट मांडून सांगता येते. तिने ते अर्धा तास सांगितले. त्यावरून मी काही खरेदी-विक्री केली नाही आणि मला त्यातून दमडीचाही लाभ झाला नाही. फोन ठेवताना मात्र मला बरे वाटत होते.

त्याच वर्षीच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय ठरलेला होता : भारत आणि मोझांबिक यांच्यातील तुरीचा करार. त्या देशाची राजभाषा पोर्तुगीज, म्हणून तिने ती थोडीफार शिकायला घेतली होती. तिला जुने बाजारभाव हवे होते. मी दुकानातील फायली काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. २०१७ च्या मार्च महिन्यात आम्ही काही आडत्यांनी दिलेल्या निवेदनाची ती प्रत होती. तुरीची आयात तत्काळ थांबवावी, अशी मागणी. खाली सह्या, आणि त्यांत चौथी माझी.

‘ही सही तुमचीच ना?’

त्या सहीमागची गोष्ट अशी. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. देशभर ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या भेटीवर असताना करार झाला : पहिल्या वर्षी एक लाख टन तूर आणि पाच वर्षांत ती दोन लाख टनांपर्यंत. मोझांबिकचा शेतकरी तूर पिकवितो ती मुख्यतः आपल्यासाठी. त्यांनी पेरा वाढविला. इकडे भाव पाहून आपल्याही शेतकऱ्यांनी पेरा वाढविला, पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ मध्ये देशात सुमारे ४८ लाख टन तूर पिकली. आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. हमीभाव बोनससह ५०५० रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली गेला. मार्चच्या अखेरीस दहा टक्के आयात शुल्क लागले आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी तुरीच्या आयातीला वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली गेली. सरकारने करारात कबूल केलेली मात्रा त्यातून वगळली होती. पण करार होता ठरलेल्या टनांचा. पेरा झाला होता तो भारताच्या भरवशावर. बाकीचा माल कोण घेणार? तिकडे भाव कोसळला. शेतकऱ्यांची तूर मातीमोल झाली.

मी मुलीला पहिले उत्तर दिले ते बाजूने बोलणाऱ्या वकिलासारखे. आपल्याच शेतकऱ्याची तूर पाच हजाराला जात नव्हती, मग परक्याची का घ्यायची? ती म्हणाली, ‘मी तुम्हाला चुकीचे म्हणत नाही. निवेदनात लिहिलेले सगळे खरेच आहे. मला एवढेच विचारायचे आहे, सही करताना समुद्रापलीकडे कोणी तूर पेरून बसले आहे, हे तुमच्या मनात आले होते का?’

आले नव्हते. आणि जे मनात होते ते निवेदनात नव्हते. निवेदनात शेतकऱ्यांचे नाव सहा वेळा आले होते. माझ्या वखारीत, नियमाच्या मर्यादेत राहून का होईना, नऊ हजारांच्या घरात घेतलेला माल पडून होता. तो कसा निघेल या एकाच चिंतेने मी ती सही केली होती. हे मी त्या वेळी पत्नीलाही सांगितले नव्हते. मुलीला सांगितले. तिने वहीत काही लिहून घेतले नाही, ही तिची समज म्हणायची.

प्रबंधात तो कागद नावे झाकून परिशिष्ट म्हणून जोडला गेला. परवानगी तिने माझ्याकडे रीतसर मागितली. मी दोन दिवस घेतले आणि दिली. प्रबंधाचा निष्कर्ष मला पूर्ण पटलेला नाही. दोन सरकारांनी मात्रा ठरविली पण भाव आणि घोषणेची वेळ ठरविली नाही, म्हणून दोन्हीकडचा शेतकरी बुडाला, असे ती म्हणते. माझ्या मते पावसाचा वाटा ती कमी धरते. यावर आमचे अजून एकमत नाही आणि जेवणाच्या ताटावर अजूनही वाद होतो. २०२१ मध्ये तो करार आणखी पाच वर्षांसाठी वाढविला गेला, म्यानमार आणि मलावीशीही तसेच करार झाले. तेव्हा वादाला विषय पुरेसा आहे.

२०२४ मध्ये ती पदवीधर झाली. सध्या नवी मुंबईत कडधान्यांची आयात पाहणाऱ्या एका कार्यालयात कागदपत्रांचे काम करते आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करते. पगार चारचौघांत सांगण्याजोगा नाही. तिच्याबरोबर बारावी झालेल्यांतील काही आता डॉक्टर होतील. नातेवाइकांच्या लग्नात ‘मुलगी काय करते?’ असे कोणी विचारले की मला अजूनही चार वाक्ये लागतात. डॉक्टरच्या बापाला एक शब्द पुरतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, शुल्कमुक्त तूर आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढली आणि नवी तूर बाजारात उतरत असतानाच भाव ७५५० च्या हमीभावाखाली आले. आमच्या बाजारात पुन्हा निवेदनाची तयारी सुरू झाली. मसुदा कोणी लिहायचा? ‘तुमची कन्या त्यातलीच शिकली आहे ना?’ असे एक ज्येष्ठ आडते म्हणाले आणि काम तिच्याकडे आले. तिने दोन रात्रींत लिहून पाठविले. त्यात ‘आयात तत्काळ थांबवावी’ हे वाक्य नव्हते. पुढील वर्षी किती आयात होणार आणि किती शुल्क लागणार, हे आपल्याकडील जूनच्या पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि मध्येच बदलू नये. तसेच ज्या देशांशी करार आहेत त्यांनाही ते त्यांच्या पेरणीपूर्वी, म्हणजे नोव्हेंबरच्या आत, कळवावे, अशी मागणी होती.

बैठकीत मसुदा वाचला गेला तेव्हा कुजबुज झाली. ‘त्यांच्या पेरणीचे आपल्याला काय?’ असे एकाने विचारले. दुसऱ्याने ते वाक्य गाळून बाकीचे ठेवावे असे सुचविले. मी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, ‘बाबा, गाळायचे असेल तर गाळा. सही तुम्हा लोकांची आहे, माझी नाही.’

वाक्य तसेच ठेवून कागद फिरला. पहिली सही मी केली. माझ्यामागून अकरा जणांनी केली, चौघांनी केली नाही.