टोपीची झालर

माळशिरस,
१४ डिसेंबर २०२५

चि. केतकी,


तुझा प्रश्न सरळ आहे. कॅनडात, विनिपेगमध्ये वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात चांगलं जॅकेट स्वस्तात मिळतंय, पण त्याच्या टोपीला कोयोटच्या केसांची झालर आहे. घ्यावं की नाही? पुढे तू असंही लिहिलंस, की माळशिरसला बसून यावर मत देणं मला सोपं आहे. ते खरंच आहे. जिथे मार्चपासून अंग भाजायला लागतं, तिथे फर न घालण्यात कसलं आलंय पुण्य? तेव्हा ‘आम्ही कुठे घालतो’ हा मुद्दा आधीच बाजूला ठेवतो. शिवाय हा मुलूख मेंढपाळांचा. जनावराच्या अंगावरचं माणसाने अंगावर घेणं इथे रोजचं आहे. धनगराच्या खांद्यावर घोंगडी असते, जत्रेत हलगी कडाडते, आणि आषाढीला नातेपुते-माळशिरस-वेळापूरवरून जाणाऱ्या दिंड्यांतला मृदंग कातड्याशिवाय बोलत नाही. जनावराचं काहीच वापरू नये, असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. जनावराकडून काय घेतलं आणि त्यातून माणसाची कोणती गरज भागली, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावं. हौसेच्या फरमध्ये जनावराचं सगळंच जातं आणि माणसाची गरज शोधूनही सापडत नाही.

जनावराचं काय जातं, हे मिंकवरून नीट कळतं. फरचा बहुतेक धंदा रानातल्या शिकारीवर चालत नाही, पिंजऱ्यांवर चालतो. मिंक हा पाण्याकाठी एकट्याने राहणारा, पोहून मासे-बेडूक पकडणारा प्राणी. फरच्या फार्मवर त्याच्या वाट्याला साधारण तीन फूट लांब आणि एक फूट रुंद जाळीचा पिंजरा येतो. वसंतात जन्मलेलं पिल्लू नोव्हेंबर-डिसेंबरात, हिवाळ्याचे केस दाट झाले की मारलं जातं. मारण्याची पद्धतही कातड्याला डाग लागू नये या हिशेबाने ठरते : मिंकसाठी विषारी वायू, कोल्ह्यांसाठी विजेचा झटका. एका लांब कोटाला पन्नास-साठ मिंक लागतात. पाळणारे म्हणतात, पिंजऱ्यातच जन्मलेल्या जनावराला पाणी काय ठाऊक? त्याचं उत्तर जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये दिलं. त्यांनी फार्मवरच्या मिंकांना वेगवेगळ्या सोयींकडे जाणारी दारं दिली आणि त्या दारांवरचं वजन वाढवत नेलं. सर्वांत जास्त श्रम या प्राण्यांनी पोहायच्या हौदासाठी केले. तो हौद दिवसभर बंद ठेवला, तेव्हा त्यांच्या लघवीतलं ताणाचं संप्रेरक जवळपास अन्न तोडल्यावर वाढतं तितकं वाढलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात काढूनही पाण्याची ओढ मेलेली नव्हती. पिंजरा थोडा मोठा केला, वर प्रमाणपत्राचा शिक्का मारला, तरी ही ओढ भागत नाही; आणि प्रत्येक मिंकला हौद द्यायचा तर तो धंदा परवडणार नाही.

आता माणसाची बाजू. नोव्हेंबर २०२०मध्ये डेन्मार्कने करोनाचा बदललेला विषाणू सापडला म्हणून देशातले सगळे मिंक मारायचा हुकूम काढला. दीड कोटीहून जास्त जनावरं गेली. हुकमाला कायद्याचा आधारच नव्हता असं निघालं, कृषिमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. घाईत उथळ पुरलेले मृतदेह फुगून जमिनीवर आले, ते चित्र जगाने पाहिलं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मिंकच्या कातड्यांच्या जागतिक बाजारातला एक अगदी मोठा पुरवठादार काही आठवड्यांत बंद झाला, आणि फर मिळाली नाही म्हणून कुठे कोणी गारठल्याचं ऐकिवात नाही. धान्याचा किंवा दुधाचा असा पुरवठा तुटला असता तर काय झालं असतं? पाळणाऱ्यांचं पोट गेलं हे मात्र खरं, आणि तो आक्षेप मी हलका मानत नाही. डेन्मार्कने त्यांच्यासाठी अब्जावधी क्रोनरची भरपाई ठरवली. ब्रिटनने २००० साली कायदा करून फरसाठी जनावरं पाळणं बंद केलं, तेव्हाही मुदत आणि भरपाई दिली होती. धंदा बंद करताना माणसाला सांभाळता येतं; त्याचं पोट चालावं म्हणून तो धंदा कायम ठेवायलाच हवा, असं यातून निघत नाही.

इथे तू म्हणशील, मग मेंढीचं काय? तोच मुद्दा जास्त टोचरा आहे. लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही. वर्षातून दोनदा कातरणी होते, केस पुन्हा येतात. ती लोकर पिंजून, कातून, चिंचोक्याची खळ देऊन सणगर मागावर घोंगडी विणतो. हिमालयातही हाच भेद आहे : पश्मिना शेळीच्या अंगावरून विंचरून काढतात, पण शाहतूशसाठी तिबेटातला चिरू मारावाच लागतो, एका शालीला तीन ते पाच. म्हणूनच शाहतूशच्या व्यापारावर बंदी आहे. पण एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे स्वतःला फसवणं होईल, कारण दख्खनी मेंढीचं नर कोकरू बहुधा तीन-चार महिन्यांतच बाजारात जातं. मिंक तर सहा-सात महिने जगतो. नुसत्या आयुष्याच्या लांबीने मोजलं, तर आमचाच कळप हरतो. फरक आहे तो ते आयुष्य कसं गेलं यात. कोकरू आईमागे माळावर हिंडतं, कळपात झोपतं, दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातं. मेंढीला जे करावंसं वाटतं ते बहुतेक तिला करायला मिळतं. तिच्या मांसावर, लेंडीखतावर, कातड्यावर घरं चालतात. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या तर शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो. याने मटण निर्दोष ठरतं असं मी म्हणत नाही. शाकाहारी माणसाने त्यावर वाद घालावा, त्याच्याकडे बळकट मुद्दे आहेत. मी एवढंच म्हणतो, की मटण सुटलं नाही म्हणून फरलाही सूट, हा युक्तिवाद उलटा आहे. अवघड गोष्ट जमत नसेल तर सोपी तरी का सोडू नये?

हे माप आपल्याकडे वळवलं, की चांगलीच अडचण होते, आणि व्हायलाच हवी. अंड्यांची कोंबडी घे. कागदाच्या एका पानाएवढ्या जागेत, पंख न पसरता, मातीत पाय न घासता ती जन्म काढते. मिंकबद्दल जे म्हटलं ते तिलाही लागू पडतं. विधी आयोगाने २०१७च्या अहवालात या पिंजऱ्यांवर बोट ठेवलं, त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयात बंद केली. आयातबंदी झटक्यात झाली, कारण तिच्यामुळे इथे कुणाला काही सोसावं लागणार नव्हतं. पिंजरे मात्र अजून आहेत. म्हणून फरवर बोलताना आवाज चढवायचा हक्क आपल्याला नाही. पण अंडं निदान कुणाचं तरी स्वस्त जेवण आहे. फरजवळ तेवढंही उत्तर नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा मुद्दा तू काढशीलच, तुझ्याच देशातले ते. त्यांच्या बाबतीत माझं माप उलटा निकाल देतं. सील समुद्रात स्वतःचं आयुष्य जगतो, त्याचं मांस खाल्लं जातं, कातडं थंडीत जीव राखतं. युरोपने १९८३मध्ये सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात रोखली, तेव्हा इन्युइट ती पिल्लं मारत नव्हते, तरी सगळाच बाजार कोसळला आणि त्यांचं उत्पन्न बुडालं. २००९च्या बंदीत त्यांना अपवाद ठेवला, पण गिऱ्हाइकाच्या मनात अपवाद शिरत नाही. शहरातल्या हौसेविरुद्धचा राग गरजवंताच्या डोक्यावर फुटला. ‘फर म्हणजे पाप’ असं सरसकट म्हणण्याचं मला म्हणूनच भय वाटतं.

नकली फरचा मुद्दा थोडक्यात. ती प्लास्टिक आहे, धुताना तिचे तंतू पाण्यात जातात, आणि नदीत टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी तीही कुजत नाही. पण खऱ्या फरला पर्याय नकली फरच, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड लोकरीला आज भाव नाही. कातरणावळ लोकरीच्या किमतीहून जास्त पडते, मेंढपाळ ती बांधावर टाकून देतो, आणि घरात पॉलिस्टरचं ब्लँकेट येतं. माडग्याळसारख्या, लोकर कमी आणि मांस जास्त देणाऱ्या मेंढ्यांकडे कल चालला आहे. ऊब आणि जनावराचा जीव दोन्ही राखणारी वस्तू मातीत जाते आहे, आणि जग दोन वाईट पर्यायांत वाद घालत बसलंय, याचा मला फरइतकाच राग आहे. घोंगडी टोचते म्हणून तू नाक मुरडशील. टोचते खरी.

आता तुझं जॅकेट. कोयोट पिंजऱ्यात वाढत नाही. रानात आपल्या मर्जीने जगतो, संख्येनेही भरपूर आहे. मिंकसारखं त्याचं आयुष्य हिरावलेलं नसतं. मात्र सापळ्यात अडकलं, की माणूस येईपर्यंत ते जनावर तासन्‌तास तिथेच तडफडतं. शिवाय हे जुनं जॅकेट. नवं जनावर मरणार नाही, तुझे पैसेही सापळेवाल्याकडे जाणार नाहीत, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण कपडा कपाटात राहत नाही. शोभेची वस्तू दिसण्यावर चालते, आणि ती जुनी की नवी हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. सतराव्या शतकात बीव्हरच्या टोप्या एकमेकांच्या डोक्यावर पाहूनच युरोपात पसरल्या. युरोपातला बीव्हर संपत आला, आणि मग १६७०मध्ये सनद मिळालेली हडसन बे कंपनी तुझ्या विनिपेगपर्यंत पोचली. झालर चेहऱ्याभोवतीचा वारा मोडते, हे मात्र खरं आहे, नुसती शोभा नाही. तरी कॅनडा गूजसारख्या, तिच्यावरच नाव कमावलेल्या कंपनीने २०२२च्या अखेरीस फर लावणं बंद केलं आणि थंडीची जॅकेटं विकतच राहिली.

जॅकेट घे. बहुतेक टोप्यांची झालर चेनने किंवा बटणांनी सुटते. ती काढून ठेव आणि लोकरीचा मफलर नाकावरून घेत जा. जानेवारीतल्या उणे तीसला तो पुरला नाही, गाल सोलवटले, तर संकोच न करता मला लिही. मग गरज म्हणजे काय, हे मलाच पुन्हा तपासावं लागेल.

कळावे.
तुझा मामा