मेन पाटा

जीपविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिच्या इंजिनाविषयी लिहितात, चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीविषयी लिहितात, फार तर दुसऱ्या महायुद्धातील तिच्या पराक्रमाविषयी लिहितात. परंतु ज्याने आयुष्याची काही वर्षे तिच्या मागच्या आडव्या बाकावर बसून काढली आहेत, त्याला विचाराल तर तो निःसंशय तिच्या पाट्यांविषयी बोलू लागेल. पोलादाच्या पट्ट्या एकीखाली एक, सर्वांत लांब ती वर आणि सर्वांत आखूड ती तळाशी, अशा रचून मधोमध एका बोल्टने जखडलेली ही जुडी प्रत्येक चाकाशी एक याप्रमाणे बसवलेली असते, आणि जमिनीचा किती अंश आत बसलेल्या मनुष्याच्या अस्थींपर्यंत पोहोचू द्यावयाचा याचा निवाडा तीच करीत असते. माझ्या लहानपणी हा निवाडा बहुधा जमिनीच्या बाजूनेच लागे.

माझे वडील महसूल खात्यात मामलेदार होते आणि १९७२ च्या दुष्काळात त्यांची नेमणूक माण तालुक्यात होती. सरकारी वाहनात घरच्या माणसांनी पाय ठेवू नये असा त्यांचा दंडक असे. तरीही सुट्टीच्या दिवशी आईच्या भिडेखातर तो कधीमधी शिथिल होई आणि दप्तराची ट्रंक, पाण्याचा पिंप व खोऱ्याघमेल्यांची चळत यांच्यामध्ये उरलेल्या जागेत मला बसता येई. दहिवडीहून म्हसवडकडे, कधी शिखर शिंगणापूरच्या अंगाने, जिथे पाझर तलाव व नाला बांधाची कामे निघालेली असत आणि जिथे रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा उन्हात बसलेल्या असत, तिथे तिथे ती जीप जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अशा कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती, हा आकडा मी फार पुढे वाचला. तेव्हा मला दिसत होते ते एवढेच की, जोंधळ्याऐवजी तांबडा मिलो खाणारी आणि मुलांच्या हाती सुकडीची पुडी देणारी माणसे दिवसभर मोठ्या दगडाचे लहान दगड करीत आहेत, आणि ते लहान दगड आमच्या चाकांखाली येत आहेत.

गाडीचे सारथ्य करणारे गृहस्थ पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. आम्ही मुले त्यांना ड्रायव्हरमामा म्हणत असू. सुकाणू डाव्या बाजूस असल्यामुळे समोरून येणाऱ्या एस.टी.चा अंदाज घेण्यासाठी त्यांना वडिलांच्या अंगावरून मान लांबवावी लागे, आणि त्या वेळी तालुक्याचा दंडाधिकारी अदबीने मागे रेलून बसे. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ते हातात लहान हातोडी घेऊन गाडीखाली शिरत आणि चारही जुड्यांतील पाट्यांवर एकेक टोला देत. धड पाटा स्वच्छ वाजतो, तडा गेलेला बदबदतो, असे त्यांचे शास्त्र होते. कुंभाराकडून मडके घेताना आईही तेच करीत असे.

वडिलांचे या पाट्यांशी असलेले नाते मात्र निराळे होते. मोजमापवहीत एखाद्या रस्त्यावर पसरलेल्या खडीची जाडी जी लिहिलेली असे, ती ते वाचून घेत, काही बोलत नसत, आणि मग जीप त्याच तुकड्यावरून ठराविक वेगाने न्यावयास सांगत. कोठे खडी पसरून तिच्यावर मुरूम टाकून रूळ फिरला आहे, कोठे नुसतीच भिरकावली आहे आणि कोठे ती केवळ कागदावर आहे, हे त्यांना बसल्या जागी कळे. हजेरीपट तपासण्यासाठी ते खाली उतरत तेव्हा कारकुनाच्या चेहऱ्यावर जी उलघाल दिसे तिचे कारण मला तेव्हा उमगत नसे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते वाहन आरामशीर नव्हते. पण फिरतीच्या अंमलदाराला आरामशीर वाहन देणे हे राज्यकारभाराच्या दृष्टीने हिताचेच असते, असे मला अद्याप वाटत नाही.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो आणि आयुष्यभर शिकवलेही. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे जितके बल तितका ताण, तार आणि वजने घेऊन विद्यार्थ्यांना दाखवताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र नेहमी जीपच येई. तो नियम एकेका पट्टीला लागू पडतो हे खरे, पण जुडीला तो सरळपणे लागू पडत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणात प्रत्येक हेलकाव्याची काही शक्ती उष्णता होऊन विरते. म्हणून घोड्याच्या गाड्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतानाही त्या एकदा उसळल्यावर उसळतच राहात नसत. लंडनच्या ओबाडाया एलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि बग्गीच्या बुडाखालची जड लाकडी तुळई अनावश्यक करून टाकली. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी टोलेडो शहरात विलिस कंपनीने सैन्यासाठी जीप घडवली तेव्हाही जमीन आणि मनुष्य यांच्यामध्ये याहून शहाणे असे काही ठेवण्याची गरज तिला भासली नाही. स्वस्त, कोठेही दुरुस्त होणारे, आणि एक पट्टी मोडली तरी उरलेल्यांवर घर गाठू देणारे असे हे यंत्र आहे.

हीच जीप, जोडणीचा परवाना घेऊन, स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात उभी राहू लागली, आणि पुढची तीन-चार दशके आपल्याकडची जंगलखाती, पाटबंधारे, पोलीस आणि कचेऱ्या यांचा कारभार तिच्याच चाकांवर चालला. अशाच एका निर्लेखित सरकारी जीपचा लिलाव जिल्ह्याच्या ठिकाणी झाला तेव्हा ती मी घेतली. वडिलांचीच ती जीप माझ्याकडे आली असे लिहिता आले असते तर लेखाला गोडी आली असती. पण ती ती नव्हती. म्हसवडजवळच्या आमच्या शेताकडे जाणारी वाट पावसाळ्यात दुसऱ्या कोणत्याही वाहनाला वाट देत नसे, एवढेच तिच्या खरेदीचे कारण होते, आणि ते कारण घरात पटवून देण्यास मला बराच काळ लागला.

त्या जीपचा मागच्या डाव्या अंगाचा मेन पाटा गेल्या उन्हाळ्यात मोडला. मोठा खड्डा नव्हता, दगड नव्हता. सपाट चारीच्या कडेने चाललो असताना खालून एक कोरडा आवाज आला आणि गाडीने त्या बाजूला किंचित खांदा पाडला. फलटणला साखर कारखान्याच्या वाटेवर पाट्याचे एक दुकान आहे, तेथे मी ती सावकाश नेली. दुकानदाराचे आजोबा बैलगाडीच्या चाकांवर धावा चढवीत असत, वडिलांनी ट्रकच्या पाट्यांना कमान देण्याचा धंदा आरंभला, आणि आता उसाच्या ट्रॉल्यांवर त्यांचा प्रपंच चालतो. त्यांनी गाडीखाली पाहिले, आणि दोन्ही बाजूंना हात लावून म्हणाले, “सर, एका अंगाला नवा अन् दुसऱ्या अंगाला जुना घातला तर गाडी लंगडीच चालणार. जोडीनं बदला.”

मागचा भाग जॅकवर उचलून चेसिसखाली घोड्या लावल्या. जुन्या जीपमध्ये अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसलेला असतो, त्यामुळे त्याला मिठी घालणाऱ्या यू-बोल्टांची टोके आणि नट खाली, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक दगडाच्या वाटेत येतात. आमचे आटे ठेचून एकजीव झाले होते. रात्रभर रॉकेल पाजूनही ते हलेनात, तेव्हा गॅसच्या ज्योतीने कापावे लागले. दुकानदाराला त्याचे सुतक नव्हते, कारण एकदा ताणून बसवलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये असाच त्यांचा नेम. पुढे शॅकल सुटले, पिना पहारीने ठोकून निघाल्या, आणि जुडी जमिनीवर आली. तिचा सेंटर बोल्ट तसाच सोडत नाहीत. जुडी मोठ्या शिकंज्यात आवळून मगच तो कापतात, कारण आतले पाटे कलहात बसलेले असतात: खालच्या प्रत्येक पाट्याला वरच्यापेक्षा मुद्दाम थोडी अधिक कमान दिलेली असते, सुटे ठेवले तर दोहोंत मधोमध फट दिसते, आणि बोल्टने ती फट मिटवली की भार पडण्याआधीच मेन पाटा उलट्या दिशेने थोडा ताणला जातो. त्यामुळे पुढे प्रत्यक्ष भार आल्यावर त्याच्या वाट्याचा ताण कमी होतो. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवले असते. शिकंजा सैल होताना पाटे कण्हत दूर झाले तेव्हा ते कानांनी कळले.

मोडलेले टोक मी हातात घेऊन बराच वेळ पाहिले. अ‍ॅक्सलच्या गादीची कड जिथे पाट्यावर टेकते, तिथेच वरच्या पृष्ठभागावर तडा जन्मला होता. पाटा सरळ होऊ पाहतो तेव्हा ओढ त्याच पृष्ठभागावर पडते. मोडीचा जवळजवळ अर्धा भाग तांबूस-काळा आणि गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या होत्या. उरलेला अर्धा करडा, दाणेदार, कालपरवाचा. म्हणजे गंजलेला अर्धा भाग कित्येक पावसाळ्यांपासून थोडा थोडा उकलत आला होता, आणि चारीच्या कडेचा तो कोरडा आवाज हा केवळ अखेरचा हप्ता होता. कारखान्यात नव्या पाट्यांच्या या पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करून तो दाबून ठेवतात, तो तडा जन्मूच नये म्हणून. हातोडीचा टोला देऊन ऐकण्याचे ड्रायव्हरमामांचे शास्त्र त्या दिवशी मला नव्याने मान्य झाले.

नवे पाटे सिलिकॉन व मँगनीज मिसळलेल्या पोलादाचे, तेलात विझवून पुन्हा बेताने तापवलेले होते. दोन पाट्यांमध्ये ग्राफाइटचे काळे ग्रीस चोपडले, दुसऱ्या पाट्याचे टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवून घेतले, म्हणजे पुन्हा कधी डोळ्यापाशी मोड झाली तरी चाक हातचे जाऊ नये. सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या गादीतील भोकात बसले की नाही हे बोटाने चाचपून पाहिले. ते बसले नाही आणि यू-बोल्ट आवळले, तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी वाकडी धावते. मग दुकानातल्या पोराने सुतळी धरून पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर दोन्ही अंगांनी मोजले. पिनांचे नट मात्र शेवटपर्यंत अर्धवटच ठेवले होते. गाडी घोड्यांवरून उतरून चाकांवर भार आल्यावरच ते कसायचे, नाहीतर आतल्या रबरी बुशांना जन्मभर पीळ राहतो.

२०२० साली आलेल्या नव्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग आहेत, आणि भाचा ती घेऊन आला तेव्हा मी आमच्या शेताच्या वाटेवर तिच्यात बसलो. ती वाट मला ओळखू आली नाही. वाहन उत्तमच आहे, पाठीच्या कण्याचे माझे वैद्यही त्याचीच शिफारस करतात; परंतु ओढ्याच्या अलीकडे बहात्तरच्या खडीचा जो एक उघडा तुकडा अजून शिल्लक आहे, तो केव्हा आला आणि गेला हे भाच्याला विचारावे लागले.

हिशेबाच्या वेळी दुकानदारांनी जुन्या पाट्यांचे काय करणार असे विचारले. मी ते घरी न्यावेत असे काही माझ्या मनात नव्हते. ते म्हणाले की, पलीकडचा लोहार पाट्याचे पोलाद वजनावर घेतो, हंगामाआधी त्याचे ऊसतोडीचे कोयते होतात, आणि गाडीच्या पाट्याच्या कोयत्यासारखी धार बाजारच्या पत्र्याला येत नाही. तराजूवर दोन्ही जुड्या चढवल्या, मोडका मेन पाटा वेगळा तोलला, आणि ती रक्कम बिलातून वजा करून वर त्यांनी बजावले, “चार-पाचशे किलोमीटर झाले की या, सर. यू-बोल्ट पुन्हा कसावे लागतील. त्याचे पैसे नाहीत.”