थरथरीचे शब्द : चिनी भाषक विद्यार्थी आणि इंग्रजी क्रियापदे

इंग्रजी शिकणारा चिनी भाषक विद्यार्थी द्विभाषिक कोशात 'ट्रेम्बल' हा शब्द पाहतो, तेव्हा त्यापुढे त्याला 'फातौ' हा प्रतिशब्द आढळतो. काही दिवसांनी 'शिव्हर' भेटतो, त्यापुढेही 'फातौ'. 'शेक', 'क्विव्हर', 'शडर' यांच्या वाट्यालाही फिरून फिरून तोच, किंवा त्याचा सख्खा भाऊ 'छान-तौ' येतो. (या 'छान'चा मराठी 'छान'शी अर्थातच काही संबंध नाही.) कोशाने खोटे काहीच सांगितलेले नसते. परंतु पाच शब्दांपुढे एकच अर्थ वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, ही एकाच क्रियेची पाच नावे आहेत. आणि मग पुनरुक्ती टाळण्यासाठी तो ती निबंधात आलटूनपालटून वापरू लागतो. त्याची वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात. मात्र त्यांतला माणूस थंडीने काकडतो आहे की शिसारीने शहारतो आहे, याविषयी लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरेच असते.

यावरून चिनी भाषा या बाबतीत दरिद्री आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. इंग्रजी जो भेद क्रियापदाच्या पोटात ठेवते, तो चिनी भाषा वाक्याच्या रचनेत ठेवते, एवढेच. 'लंग त फातौ', 'श्या त फातौ', 'छी त फातौ' हे तीन पदबंध पाहावेत. 'लंग' म्हणजे थंडी वाजणे, 'श्या' म्हणजे घाबरणे, 'छी' म्हणजे रागावणे. मधला 'त' हा केवळ सांधा. कारण अगोदर येते, थरथर मागाहून येते, आणि ती त्या कारणाचे माप म्हणून येते : इतका राग, की अंग कापू लागावे. मराठीतील 'थंडीने कापणे', 'रागाने कापणे' या रचना याच्या बऱ्याच जवळच्या आहेत. पण आपली तृतीया विभक्ती कारण सांगून थांबते, माप सांगत नाही.

'फातौ'मधील 'फा' हे पदही लक्षणीय आहे. त्याचा एक अर्थ बाहेर टाकणे, उत्पन्न करणे असा आहे. ताप येणे यासाठी रूढ असलेल्या 'फा-शाओ' या शब्दातही तेच 'फा' आहे. तेथे 'शाओ' म्हणजे जळणे. म्हणजे चिनी शब्दाच्या घडणीत थरथर शरीरातून बाहेर पडते. मराठीत उलट कापरे 'भरते', हुडहुडी 'भरते'. जणू ती बाहेरून येऊन शरीर व्यापते. इंग्रजी क्रियापदाला यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. तेथे शरीर नुसते थरथरते. प्रतिशब्द देणाऱ्या कोशात असली चित्रे उतरत नाहीत.

विद्यार्थ्याला सर्वांत अधिक चकवतो तो 'शडर'. भीती, किळस किंवा एखादी नकोशी आठवण यांनी अंगातून जाणारा हा झटका बहुधा एकदाच येतो आणि ओसरतो. 'फातौ'ची थरथर मात्र चालू राहणारी आहे. गंमत अशी की, अशा एका झटक्यासाठी चिनी भाषेत 'ता ल क लंग-चान' हा घरगुती प्रयोग आहे. त्यात 'ता' म्हणजे मारणे, 'लंग' म्हणजे थंड आणि 'चान' म्हणजे युद्ध किंवा कापणे. मधला 'क' हा संख्यावाचक घटक हा झटका एकच होता हे सांगतो. हीच दोन चिन्हे वृत्तपत्रात आली की त्यांचा अर्थ 'शीतयुद्ध' असा होतो. 'शडर'च्या निकट जाणारा हा प्रयोग विद्यार्थ्याच्या तोंडी लहानपणापासून असतो. कोश मात्र त्याला दुसऱ्याच दाराशी नेऊन उभा करतो.

यावर शिक्षकांचा नेहमीचा उपाय म्हणजे तक्ता : थंडीला 'शिव्हर', भयाला 'ट्रेम्बल', किळसेला 'शडर'. हा तक्ता पहिली इंग्रजी कादंबरी हाती घेईपर्यंत टिकतो. तेथे माणसे भयाने 'शिव्हर' होतात आणि आनंदातिशयाने 'ट्रेम्बल'. कारणापेक्षा शब्दाची सोबत अधिक विश्वासार्ह असते. ओठ आणि हनुवटी यांच्याशी 'क्विव्हर'चे सख्य आहे. थांबताना हादरे खाणाऱ्या आगगाडीला 'शडर' चालतो. डगमगत्या खुर्चीला यांपैकी एकही चालत नाही, तिला 'वॉबल' लागतो. 'शेक' कर्म घेतो, 'ट्रेम्बल' सहसा घेत नाही. हस्तांदोलनाच्या 'शेक हँड्स'मध्ये तर विद्यार्थ्याला शेक दिसतच नाही, कारण चिनी 'वो-शौ'चा अर्थ हात पकडणे एवढाच आहे.

भूकंपापाशी मात्र तिन्ही भाषा एकत्र येतात. 'अर्थक्वेक', 'ती-चन' आणि 'भूकंप' या तिन्हींची घडण भूमी अधिक कंप अशीच आहे. 'चन'च्या चिन्हावर पावसाचे चिन्ह आहे, कारण त्याचा जुना अर्थ मेघगर्जना, वज्रपात असा होता. आकाशातला हादरा पुढे जमिनीकडे आला. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी ज्या विकाराचे वर्णन साध्या 'शेकिंग पाल्सी' या नावाने केले, त्याला चिनी वैद्यकाने 'चन' आणि 'छान' दोन्ही जोडून नाव दिले. आपल्याकडे त्यासाठी 'कंपवात' हा शब्द आहे.

हा प्रश्न केवळ चिनी विद्यार्थ्यापुरता उरत नाही. चिनी कथा मराठीत आली ती बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने. मूळ वाक्यात 'छी त फातौ' असेल आणि इंग्रजी अनुवादकाने राग गृहीत धरून त्याचा नुसता 'ट्रेम्बल्ड' केला असेल, तर मराठी अनुवादक प्रामाणिकपणे 'तो थरथरला' असे लिहितो आणि वाचकाला ती भीतीची थरथर वाटते. 'रागाने त्याचे अंग कापू लागले' हे साधे मराठी वाक्य मूळ चिनी रचनेच्या किती तरी अधिक जवळचे असते. पण पुढ्यातल्या इंग्रजी प्रतीत ते सुचवणारे काहीच शिल्लक नसते.