उत्तरेची खिडकी

२०२० च्या मार्चांत महाविद्यालयें बंद झालीं आणि आमचें व्याख्यानपीठ मुलुंडच्या दोन खोल्यांत येऊन बसलें. कोपराइतकें उंच मेज, पाठ टेकेल अशी खुर्ची, डावीकडून उजेड, एवढें शास्त्र आम्हांस अवगत होतें. परंतु पश्चिमेची खिडकी दुपारीं तीननंतर कोणतेंच शास्त्र चालूं देत नाहीं! ग्रंथांचें तर विचारूंच नये. डॉ. आंबेडकरांनीं त्यांच्यासाठीं दादरला ‘राजगृह’ बांधलें. आम्हीं ते माळ्यावर चढविले. सम उजेडाची खिडकी घरांत एकच, उत्तरेची. तेथें सौभाग्यवतींचें शिवणयंत्र होतें. शेजारणींचे कपडे शिवून चार पैसे येत. त्यांनीं न बोलतां जागा रिकामी केली. पुढें महाविद्यालय उघडलें, मेज मात्र हललें नाहीं. तेथेंच बसून हें लिहीत आहोंत. यंत्र पलंगाखालीं आहे.