मे महिन्यातली दिवाळी

दिवाळी अंकांची निमंत्रणं यायला लागली की समजावं, ऊन तापलं. पूर्वी पोस्टकार्डं यायची, आता व्हॉट्सॲपवर येतात. 'यंदा आपली कथा हवी आहे, जूनअखेरपर्यंत पाठवावी, शब्दमर्यादा तीन हजार.' संपादकांचा यात काही दोष नाही. कथा वाचायची, चित्रकाराकडे द्यायची, अक्षरजुळणी, मुद्रितं, जाहिरातींची धावपळ. गणपती उठले की अंक छापखान्याच्या वाटेला लागलेला बरा. म्हणजे लेखकाने दिवाळी लिहायची ती वैशाखात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी मासिक येऊन बसलं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. तेव्हापासून किती जणांनी घामेजल्या मनगटाखाली टीपकागद ठेवून अभ्यंगस्नानाच्या थंडीची वर्णनं केली असतील! मी त्याच रांगेतली.

आणि नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी.

पुण्यात पारा चाळिसाला टेकलेला असतो. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर धाकट्याने चोखून, वाळवून, मिशा-डोळे काढून आणून ठेवलेली आंब्याची कोय असते. आणि माझी नायिका मात्र शाल पांघरून दारात रांगोळी घालत असते. तिला ती रांगोळी पुरी करू द्यायची तर मला सलग दोन तास हवेत. मे महिन्यात सलग दोन तास ही चीज आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी पाहिली नव्हती.

मुलं लहान होती तेव्हा मी पहाटे लिहायची. खोलीत दिवा लावला तर धाकटा उठणार, म्हणून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. पायरी थंड असायची, कुठल्याशा झाडावरून कोकीळ आधीच सुरू झालेला असायचा, आणि एक पान जेमतेम भरतंय तोवर मागे पावलं वाजायची. दिवा न लावताही तो उठायचाच. डोळे चोळत मांडीवर येऊन बसायचा आणि पेन मागायचा. त्या वर्षांच्या माझ्या वह्यांत अर्धं पान माझं आहे, अर्धं त्याच्या गोलांचं. त्यातला एक गोल इतका दाबून काढलाय की तो पुढच्या तीन पानांवर उमटलाय, आणि त्या तीन पानांवरची कथा त्या गोलाला वळसा घालून लिहिलेली आहे.

दुपार थोरलीची. "आई, कंटाळा आला." या वाक्याला आईने काय उत्तर द्यावं याचा शोध अजून लागायचाय. मी पत्ते काढायची. बदाम सात नको, त्यात डोकं लागतं. भिकार-सावकार हा लिहिणाऱ्या बाईचा खरा खेळ. त्यात अक्कल लागत नाही, तो लवकर संपत नाही, आणि हात पान टाकत असताना मनात पुढचा परिच्छेद जुळवता येतो. "आई, टाक ना, तुझं पान!" अशी हाक आली की तो परिच्छेद तिथेच ठेवायचा, राणी टाकायची, पुन्हा उचलायचा. माझी वाक्यं आखूड का, असं एकदा एका समीक्षकाने विचारलं होतं. त्याला काय सांगणार, भिकार-सावकारात त्याहून लांब वाक्य बसत नाही म्हणून?

'कसं जमवता हो हे सगळं?' हा प्रश्न मला प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारला जातो. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या, घरी दोन मुलं असलेल्या कथाकाराला तो विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. असो. प्रश्नाच्या पाठोपाठ हटकून येतं ते बहिणाबाईंचं उदाहरण. बघा, जात्यावर, शेतात, चुलीपाशी राबता राबता केवढी कविता केली! मला त्या गोष्टीत बहिणाबाईंइतकाच त्यांचा मुलगा दिसत राहतो. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गाणी सोपानदेवांनी टिपून ठेवली म्हणून राहिली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आपण नेहमी म्हणतो की मुलांच्या गलबल्यातूनही बाई गायली. पण ऐकू येईल इतक्या जवळ पोर वावरत होतं, म्हणून ते गाणं आपल्यापर्यंत पोचलं, असंही म्हणता येईलच की.

आमच्या उन्हाळ्यातला एक दिवस मात्र कामाचा नाही, पत्त्यांचाही नाही. तेरा-चौदा मेच्या सुमारास पुण्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. डोक्यावर म्हणजे बोलण्यातला नव्हे, मोजून. साडेबाराच्या पुढे एखाद-दुसऱ्या मिनिटाला उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते आणि दिसेनाशी होते. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, त्याच्याबरोबर हा दिवसही सरकतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडे दुसऱ्यात, मुंबईला त्यानंतर दोनेक दिवसांनी आणि नागपूरला महिना संपत आल्यावर. परतीच्या वाटेवर जुलैअखेरीस तो पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, बघणार कोण? दिल्लीकरांना तर हे कधीच दिसत नाही, ते कर्कवृत्ताच्या पलीकडे राहतात. एवढ्या एका बाबतीत आपण दिल्लीच्या पुढे आहोत, असं थोरलीने तिसरीत असताना पाहुण्यांना ऐकवलं होतं.

गच्चीची फरशी त्या वेळी तव्यासारखी असते. आम्ही ओलं गोणपाट घेऊन जातो आणि त्यावर उभे राहतो. मधोमध पोह्यांचा उंच, उभट डबा. त्याच्या डाव्या अंगाला सावलीची नखभर काळी कड असते. ती बारीक होत जाते, दोऱ्याएवढी होते, आणि मग नाही. डबा चकचकीत, फरशी पांढरी, आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. डब्याचं फरशीशी नातंच तुटल्यासारखं वाटतं, कुणीतरी वरून आणून चिकटवलाय जणू. माणसाचं तसं होत नाही. आपल्याला खांदे आहेत, नाक आहे, पोट आहे, त्यामुळे पायांभोवती सावलीचं एक डबकं उरतंच. पण थोरलीने लहानपणी एक शोध लावला होता. जागच्या जागी उंच उडी मारायची आणि खाली बघायचं. सावली सुटी होऊन फरशीवर पडलेली दिसते, आपण वर, ती खाली. खाली आलो की पुन्हा गायब. त्या दिवशी दोघं गोणपाटावर इतक्या उड्या मारायची की खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत वाजवायच्या.

यंदा धाकट्याने एकट्याने उड्या मारल्या. थोरली आली होती, न्हालेले केस पंच्याने बांधून. तिने डब्याचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि "चला, झालं" म्हणून माझ्या आधी खाली गेली. तिची ही दहावीनंतरची सुट्टी. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला तेव्हापासून तिच्यापुढे मोकळं रान आहे. निकाल लागेल, मग अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या, तोवर कुणी तिला 'अभ्यासाला बस' म्हणू शकत नाही. मराठी मुलाच्या आयुष्यात एवढी लांब सुट्टी दुसरी नसते. पण मी हिशेब करून पाहिला. पुढच्या मे महिन्यात बारावीचे क्लास सुरू झालेले असतील, त्याच्या पुढच्यात प्रवेश परीक्षा, आणि त्यानंतरच्या सुट्ट्या असतील त्या गाव सोडून गेलेल्या मुलीच्या घरी येण्याच्या. म्हणजे घरातली ही मुलगी, कारणाशिवाय घरात असलेली, एवढ्या उन्हाळ्यापुरतीच. तिला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझ्याकडे, मी एखाद्या भाबड्या संपादकीयाकडे बघते तसं बघितलं असतं.

मेच्या अखेरीस आमच्याकडे कुरडया होतात. जरा उशीरच होतो दरवर्षी. बाजारात किलोने मिळतात, पण हे सासूबाईंसमोर बोलायची सोय नाही. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर जो आंबूस वास सुटतो तो मला त्या दिवसांत लिहिलेल्या प्रत्येक कागदाला येतो. मग वाटायचा, पिळायचा, गाळायचा आणि चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची निवळ ओतली की तळाशी पांढरा, घट्ट, बोट घातलं तर न सुटणारा थर. जेवढा चीक तेवढं पाणी, त्यात मीठ-हिंग, आणि उकळी फुटली की एकीने धार धरायची, दुसरीने हाटायचं. इथे लक्ष गेलं की गाठी झाल्या. पातेल्यातलं पांढरं हळूहळू पारदर्शक होतं, त्याला चकाकी येते, आणि हाटणारीचा दंड भरून येतो. यंदा हाटायला थोरली होती. सासूबाईंनी तिच्या हातात दांडा दिला तेव्हा मी जरा पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "तू जा, तुझं लिहायचं राहिलंय ना?" धाकटा वाटी घेऊन आधीच हजर, गरम चिकावर तूप-साखर. आठ वाजेपर्यंत गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर ओळीने कुरडया पडल्या होत्या. थोरलीच्या पहिल्या दोन-तीन पसरट, पुढच्या मात्र गोल.

मी खाली आले, दार लावलं आणि लिहायला बसले. दुपारी जेवून पुन्हा बसले. कुणी आलं नाही. माझ्या नायिकेने रांगोळी पुरी केली, पणती लावली, शाल सारखी केली, भावाच्या फोनची वाट पाहिली. पानामागून पान गेलं. वाक्यंही लांब झाली, त्या समीक्षकाला आवडली असती अशी. मग कधीतरी खिडकी आपटली, मातीचा वास आला, आणि टपोरे थेंब पत्र्यावर वाजले. वळीव! कुरडया! मी अनवाणी जिना चढून वर गेले तर गच्ची रिकामी. ओली फरशी, चार विटा, बस्स. खाली स्वयंपाकघरात पाहिलं तर ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर, इस्त्री केलेल्या माझ्या साडीवर अर्ध्या ओल्या कुरडया मांडलेल्या. सासूबाई खुर्चीत, दोघं मुलं भिजलेली, आणि तुटलेल्या कुरडयांचे तुकडे धाकट्याच्या तोंडात.

"मला हाक का नाही मारली?"

"तू लिहीत होतीस ना," थोरली म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. घड्याळात पाच वाजलेत, हे सांगावं तसं सांगितलं.

बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. याच दोन तासांसाठी मी किती उन्हाळे जीव टाकला होता. आणि तरी त्या संध्याकाळी मला राहून राहून वाटत होतं की माझ्या वाट्याचं काहीतरी कुणीतरी परस्पर उरकून टाकलंय. वारा सुटल्यावर जिन्यावरून येणारी ती हाक, हातातलं वाक्य टाकून धावणं, कागदाचे दोन कोपरे तिने धरायचे, दोन मी. व्यत्यय म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याची सवय हाडात मुरली होती.

रात्री थोरलीने कथा मागितली. अलीकडे ती माझं वाचते. वाचताना पाय खुर्चीवर घेऊन बसते आणि काही बोलत नाही, त्यामुळे मला शेजारी बसवत नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण हिला थंडी वाजत नाहीये."

"शाल पांघरलीये की तिने."

"शाल तू पांघरलीयेस तिला. थंडीत आधी नाक गार पडतं, आई. मग बोटं. हिला नाकच नाही."

धाकट्याने ऐकलं आणि तो तडक उठला. फ्रीज उघडला आणि डोकं आत घातलं. थोडा वेळ शांतता. आतून आवाज आला, "नाही, आधी कान!" थोरली म्हणाली, "हट्, सरक." तिने तोंड आत घातलं. मग मला ढकललं. कोथिंबिरीच्या डब्याला नाक लावून मी उभी, डोळे मिटलेले, पाठीवर मे महिना. "नाक," मी म्हणाले. "नाकाचा शेंडा. आणि मग दातांच्या मुळाशी काहीतरी." "ते लिही!" मागून सासूबाईंचा आवाज, "अगं, दार लावा ते! बिल कोण भरणार?"

शेवटची चार पानं पुन्हा लिहिली. दारापाशी, पंख्याशिवाय, कारण खोलीत कुरडया वाळत होत्या आणि पंखा त्यांच्याकडे वळवलेला होता. लिहिताना तीनदा उठावं लागलं. एकदा रसवंतीवर जायला पैसे द्यायला, एकदा त्यांचं भांडण सोडवायला, आणि एकदा, खरं सांगायचं तर, कुणी बोलावलेलं नसताना.

जूनमध्ये कथा पाठवली. संपादकांचा फोन आला. आवडली म्हणाले, फक्त एका जाहिरातीचं पान वाढलंय, तेव्हा तीनशे शब्द कमी करून द्याल का? फोन ठेवला तेव्हा दोघं शाळेच्या नव्या वह्यांना कव्हरं घालत बसली होती, म्हणजे धाकटा वह्या देत होता आणि थोरली घालत होती. मी विचारलं, कुठून कापू? थोरली म्हणाली, "रांगोळीतून काप, ती फार लांबलीये." धाकट्याने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि बजावलं, "नाकाला हात लावायचा नाही हं."